हा रंग आपला न्हाय

यांचा बनियन धुवायला घेतला की डाय हाऊसमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यात, कुठल्या रंगाचा माल चाललाय ते मला न विचारता कळायचं. बाहेरून उडालेले शिंतोडे वेगळे, ते कुणाच्याही कपड्यावर उडतात. मी म्हणते ते घामाचे डाग, काखेतले आणि पाठीवरचे. निळा माल असला की बनियन निळसर, मरून असला की गुलाबी. माणसाला घामही रंगीत येतो असं लग्नाआधी मला कुणी सांगितलं असतं तर थापा मारू नका म्हणून मी त्याला दारातून परत पाठवलं असतं.

यांचं नाव मी लिहिणार नाही. एक तर जिभेला सवय नाही, आणि छापून आलं तर हे आणखी फुगतील. सोलापुरात चादरी-टॉवेलच्या धंद्यात त्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेचे नव्हेत, रंगाचे. गिऱ्हाइकानं दिलेल्या तुकड्याशी सुताचा रंग हुबेहूब जुळवून द्यायचा, हे त्यांचं काम. डोळा असा की शेजारीण नवी साडी दाखवायला आली तर हे वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणणार, "हिरव्याचा एक थेंब जास्त पडलाय की यात." शेजारणीनं आमच्याकडे साड्या दाखवणं सोडलं, आणि मी यांना दुकानात नेणं सोडलं.

माझं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, घरात बोलणं कानडी. हे मला बघायला आले तेव्हा सगळा वेळ दोन्ही हात पॅन्टच्या खिशात. माझ्या वडिलांना शंका आली की मुलाच्या हाताला काही खोट आहे. त्यांनी मुद्दाम पोह्यांची बशी स्वतःच्या हातानं पुढे केली. नाइलाजानं यांनी हात बाहेर काढला, तर कोपरापर्यंत हिरवागार. माझी आत्या तोंडाची फटकळ, ती कानडीत म्हणाली, "अगं बाई, हा तर अजून पिकलाच नाही." हे मान खाली घालून कानडीतच म्हणाले, "आढीत घाला, पिकतो." माझा होकार तिथंच ठरला. पुढे लग्नाच्या आठवड्यात डाय हाऊसमध्ये नेमका निळा माल निघाला. त्यावर हळद लागली आणि नवरदेव पुन्हा हिरवा झाला.

संक्रांतीच्या वेळी गड्ड्याच्या, म्हणजे ग्रामदैवताच्या जत्रेत हे नंदीध्वजाबरोबर चालतात. त्यासाठी पांढरी शुभ्र बाराबंदी लागते. मी ती दोनदा धुऊन, नीळ घालून, कडक इस्त्री करून द्यायची. ध्वज पेलून घाम आला की तासाभरात पाठीवर जांभळा नकाशा. गर्दीतले ओळखीचे लोक लांबून हाक मारायचे, "मास्तर, औंदा जांभळा का?" मला लाज वाटायची, यांना अभिमान.

डाय हाऊसमध्ये हौदाच्या एका बाजूला हे आणि समोर यांचे जोडीदार. सुताच्या लडी काठीवर घालून रंगात सोडायच्या आणि दोघांनी मिळून उलटवत राहायच्या, म्हणजे रंग सगळीकडे सारखा लागतो. अशी तीस वर्षं दोघं समोरासमोर उभे राहिले. जोडीदार तेलुगू, कुंभारीला कामगारांच्या घरांत राहतात. यांना अन्ना म्हणतात, मला वहिनी. हसायला लागले की थांबत नाहीत. दोघांची भाषा म्हणजे मराठी, कानडी आणि तेलुगूची मिसळ. पण कामात तिचीही गरज पडायची नाही. यांनी भुवई उचलली की त्यांनी काठी उचललीच.

दोघांचाही नियम एकच, रंगाचं काम उघड्या हातानं करायचं. पावडर हातानं घ्यायची, हातानं कालवायची. पाणी किती गरम झालं ते हात घालून बघायचं. रंगात मीठ घालतात, ते पुरेसं पडलं का हे बघायला बोट बुडवून जिभेला लावायचं, मी आमटी चाखते तसं. दुपारी त्याच हातांनी हौदाच्या कट्ट्यावर बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. हात धुवायचे, नाही असं नाही, पण धुऊन जाईल तर तो मास्तरांचा रंग कसला?

एकदा मालकांनी रबरी हातमोज्यांची खोकी आणली. यांनी एक मोजा घातला, हौदात हात घातला आणि काढून फेकून दिला. "मोजे घालून रंग कळतो व्हय?" जोडीदार म्हणाले, "मोजे घालून कुणी बायकोला हात लावतो का?" त्या दिवशी डाय हाऊसमध्ये कुणी काम केलं नाही, नुसते हसले. हे वाक्य मला जोडीदारांच्या बायकोनं सांगितलं, नाहीतर आमच्याकडून कसलं कळतंय. मास्तरांनी मोजे घातले नाहीत म्हणून कुणीच घातले नाहीत. कुणीतरी ते कापून त्यांची रबरं केली. त्यातली दोन आमच्या डब्यालाही होती आणि मी खुशाल वापरत होते.

आणखी एक गोष्ट. ती लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण दवाखान्यात सगळा संकोच संपला. पावडर जास्त उडाली की यांच्या लघवीलाही रंग यायचा. तिथल्या सगळ्यांनाच यायचा. डाय हाऊसच्या मागच्या भिंतीपाशी ही मोठी माणसं एकमेकांची चेष्टा करायची, आज तुझा पिवळा, माझा केशरी. त्यात काही चुकतंय असं त्यांना कधी वाटलं नाही. सुताराच्या अंगावर भुसा असतो, आपल्या अंगात रंग असतो, एवढा सरळ हिशोब.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. हे साठीला टेकले होते. मुलगी सासरी, घरात आम्ही दोघंच. श्रावण संपत आला होता. मी मोरीत बनियन पिळत होते आणि हे बाथरूममधून बाहेर येत मोठ्या कौतुकानं म्हणाले, "मरून अजून उतरतोय की. उन्हाळ्यातला माल लई पक्का निघाला."

माझ्या हातातला बनियन निळा होता.

पंधरा दिवस निळाच होता. कुठल्याशा मोठ्या ऑर्डरचे सगळे टॉवेल निळे निघत होते. मी विचारलं, "अहो, मरूनचा माल संपून किती दिवस झाले?"

"झाले असतील तीन-चार महिने."

"मग हा कुठून येतोय?"

"आत मुरला असंल."

"लोणचं आहे का मुरायला?"

तेव्हा हळूहळू बाहेर आलं की होळीच्या सुमारासही दोन दिवस असंच लाल झालं होतं. मग आपोआप थांबलं. आता परत झालं तेव्हा त्यांनी डाय हाऊसमध्ये सांगितलं आणि जोडीदारांनी पोट धरून हसत सगळ्यांना जाहीर केलं की अन्नाचा मरून काय सुटत नाही. मला मात्र सांगितलं नव्हतं. का, तर मी दवाखान्यात चला म्हणेन.

मी म्हटलंच. हे म्हणाले, "दुखत न्हाय, जळजळत न्हाय, ताप न्हाय. डॉक्टरला काय सांगू, रंग बघा म्हणू?" मला रागीट म्हणतात ते खरं आहे. मी भांडी आपटली. दोन दिवस अबोला धरला, पण यांना अबोल्याची शांतता मानवते असं माझ्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एक काचेची बरणी घासूनपुसून यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "तुम्ही मास्तर ना? मग डॉक्टर राहू द्या. तुम्हीच बघून मला सांगा, हा कुठला मरून."

बोलून गेले तेव्हा मला वाटलं नव्हतं की हे ऐकतील. पण रंग ओळखायला सांगितलं की यांना राहवत नाही. बरणी भरून आली. हे ती घेऊन दारात गेले, कारण छटा कधी दिव्याखाली बघायची नसते, सकाळच्या उजेडात बघायची असते. बरणी उजेडात धरली, तिरकी केली, परत सरळ केली. मग पिशवीतून न रंगवलेल्या पांढऱ्या सुताचा धागा काढला. तो नेहमी असायचाच त्यांच्याजवळ. धागा बरणीत बुडवला, थोडा वेळ ठेवला, बाहेर काढून दोरीवर टाकला आणि चहा मागितला. चेहऱ्यावर मजा दिसत होती. नमुना जुळवायला बसले की त्यांचा चेहरा असाच होतो.

धागा वाळला तसे उठले. बोटांवर घेऊन बघितला. नळाखाली धरला, परत बघितला. मी शेगडीपाशी उभी होते, गॅस बंद करायचं भान नव्हतं.

"मरून वाळला की खुलतो," हे म्हणाले. "हा विटकरी पडला. पाण्यात धरला तर सुटला बी."

"म्हणजे?"

त्यांनी धागा कट्ट्यावर ठेवला. "हा रंग आपला न्हाय."

मी गॅस बंद केला. यांनी स्वतःच दुसऱ्या खोलीत जाऊन स्वच्छ शर्ट घातला आणि म्हणाले, "चल. कुठल्या डॉक्टरकडं म्हणत होतीस?"

सोनोग्राफी झाली, मग दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होते, मुलीच्या वयाचे. त्यांनी पहिलं विचारलं, "बिडी, सिगरेट, तंबाखू?" हे छाती काढून म्हणाले, "सुपारीचं खांड बी न्हाय." "मग काम काय करता?" यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. नखांच्या कडेला निळं, रेषांमध्ये निळं. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं आणि पेन खाली ठेवलं.

लघवीच्या पिशवीत आतल्या बाजूला गाठ होती. दुर्बीण घालून, कुठंही न चिरता, ती काढली. तपासणीचा कागद यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी काय काय केलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की ज्वारी निवडायला बसले तर निवडलेली परत न निवडलेल्यात ओतत होते. कागद आला. कॅन्सर होता. पण वरच्या थरातच होता, आत भिंतीत शिरला नव्हता. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. मी तिथल्या तिथं रडले. हे माझ्याकडे बघून डॉक्टरांना म्हणाले, "ही आनंद झाला तरी अशीच करते."

असं का झालं, ते यांना समजून घ्यायचंच होतं. डॉक्टरांनी नीट सांगितलं. सगळेच रंग असे नसतात. पण पूर्वीच्या काही पावडरी वाईट होत्या. त्यातल्या बऱ्याच आता बंद झाल्या आहेत. त्या श्वासातून जातात, कातडीतून जातात, जेवताना हातावरून पोटात जातात. मग रक्तात. शरीर तो कचरा गाळून लघवीच्या पिशवीत टाकतं, आणि लघवी होईपर्यंत तो तिथंच बसतो. पिशवीच्या आतल्या अस्तराला रोज तो कचरा लागतो. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी दिसतो. प्रत्येकालाच होतो असंही नाही. "मधेच उठून लघवीला जात होता की नाही?" त्यांनी विचारलं.

"रंग अर्ध्यात सोडून कसं जाणार? लडीवर चट्टे पडतात. माल उतरल्यावरच जायचं."

मग हे स्वतःच म्हणाले, "म्हणजे बाहेर सूत भिजत होतं आणि आत पिशवी. सूत तासाभरात काढलं. पिशवी तीस वर्षं ठेवली." मला हे इतकं साधं कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनाही ते आवडलं असावं. पुढे दुसऱ्या रोग्यांना ते असंच सांगताना मी ऐकलं.

नंतरचा उपचार ऐकून यांना हसू आवरेना. गाठ परत येऊ नये म्हणून सहा आठवडे, दर आठवड्याला एकदा, पिशवीत औषध सोडायचं. आणि औषध कुठलं, तर बाळांना जन्मल्यावर क्षयाची लस देतात, तेच. "म्हणजे मी नवा जन्मलो," हे नर्सला म्हणाले. "बारसं कधी करता?" औषध दोन तास आत धरायचं आणि दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची, म्हणजे ते आत सगळीकडे सारखं लागतं. पहिल्या दिवशी घरी येऊन हे खाटेवर आडवे झाले आणि मी घड्याळ घेऊन समोर बसले. पंधरा मिनिटं झाली की मी ओरडायची, "उलटा!" डावी कूस. "उलटा!" उजवी. "उलटा!" पालथे. तिसऱ्या वेळी यांना एवढं हसू फुटलं की मला भीती वाटली, आता औषध काही आत राहत नाही. आयुष्यभर डाय हाऊसमध्ये त्यांनी दुसऱ्यांना याच शब्दानं पिदडलं होतं. मी सूड उगवला, खोटं कशाला बोलू.

तीन महिन्यांनी परत दुर्बीण घातली. आत काही नव्हतं. त्या दिवशी आम्ही दवाखान्यातून थेट हुरडा पार्टीला गेलो. माझ्या भावाच्या शेतात कोवळी ज्वारी भाजत होते. यांनी गरम कणसं हातात चोळून मला दाणे काढून दिले आणि माझी ओंजळ भरेपर्यंत स्वतः खाल्लं नाही. इतका गोड हुरडा मी त्याआधी खाल्ला नव्हता.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी निघताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "तुमच्याबरोबर याच कामावर किती जण होते?" हे म्हणाले, "होते दोघं-तिघं." होते चौदा. मी तोंड उघडलं तर यांनी टेबलाखाली माझा पाय दाबला.

हुरड्याचा आनंद उतरल्यावर मी विषय काढला. हे अंगणात गेले. मी अंगणात गेले तर हे गच्चीवर. असं पंधरा दिवस चाललं. जोडीदार फोन करायचे, "अन्ना, कामावर कधी येतो? मरून बंद झाला का?" हे काहीबाही सांगून फोन ठेवायचे. दवाखान्यात काय निघालं ते यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मूतखडा म्हणून सांगितलं होतं.

शेवटी माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "तुमच्यासमोर जो माणूस तीस वर्षं त्याच हौदावर उभा राहिला, त्याच्या पोटात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे? नाही ना? मग गप्प कसे बसता? तुम्हाला वाचवायला मी होते. त्याला तर तुम्ही हसायला शिकवलंत."

मला वाटलं होतं, चिडतील. हे जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "तेच तर. मोजे नको मी म्हणालो. मीठ जिभेवर बघायला त्याला मीच शिकवलं. आता कुठल्या तोंडानं जाऊ? त्याची बायको मला जोड्यानं मारंल."

मी त्यांच्याशेजारी बसले. राग होताच, पण तो आता त्यांच्यावर नव्हता. मला हे सांगायला हवं की त्या क्षणी ते मला लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त आवडले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही डाय हाऊसमध्ये गेलो. मी मुद्दाम बरोबर गेले, कारण दारातून परत फिरतील असा मला संशय होता. सगळे कट्ट्यावर डबे उघडून बसले होते. जोडीदारांनी आरोळी ठोकली, "मास्तर आले!" हे हौदापाशी उभे राहिले आणि सगळं सांगितलं. लघवीतलं रक्त, गाठ, कॅन्सर, पावडरी. कुणी घास उचलला नाही. शेवटी म्हणाले, "मोजे घालू नका मी सांगितलं. माझं चुकलं."

छत्तीस वर्षं मी या माणसाबरोबर राहतेय. मीठ जास्त पडलं तर चूक माझी, गाडी चुकली तर चूक रेल्वेची. हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले, आणि तेसुद्धा मला उद्देशून नव्हते. ते राहिलंच आहे, मी अजून मागते, हे अजून टाळतात.

जोडीदार हसले, पण नेहमीसारखं नाही. "अन्ना, मला काय बी न्हाय. माझं पांढरं स्वच्छ हाय."

"डोळ्याला दिसंलच असं न्हाय," हे म्हणाले. "रक्त थोडं असलं तर दिसत न्हाय. मशीनला दिसतं."

मालक तिथंच होते. त्यांनी मान डोलावली आणि मोज्यांची नवी खोकी त्याच आठवड्यात आली. यांनी स्वतः प्रत्येकाच्या हातात मोजे चढवले आणि पावडरीजवळ जाताना तोंडाला काय बांधायचं तेही दाखवलं. आता डाय हाऊसमध्ये मीठ मापानं घालतात. जेवायला हौदापासून लांब, बाहेर झाडाखाली बसतात. रंग पहिल्यापेक्षा वाईट जुळत नाही, हे मी यांच्याच तोंडून वदवून घेतलंय.

डॉक्टरांनी एका रविवारी सगळ्यांना तपासणीला बोलावलं. त्या सकाळचं वर्णन मी कुणालाही ऐकवते आणि प्रत्येक वेळी हसते. चौदा मोठी माणसं दवाखान्याच्या पायऱ्यांवर रांगेत, प्रत्येकाच्या हातात बाटली. दवाखान्यात छोट्या डब्या देतात हे सांगूनही एकानं घरून आंब्याच्या रसाची अख्खी बाटली गळ्यापर्यंत भरून आणली होती. एकाला पाळी आल्यावर काही केल्या होईना, तर बाकीचे बाहेरून नळ सोडून त्याला धीर देत होते. हे पाठीमागे हात बांधून रांगेवर नजर ठेवून फिरत होते, डाय हाऊसमध्ये फिरायचे तसेच. जोडीदार शेवटी आले. बाटली रुमालात गुंडाळून आणली होती आणि एकदाही हसले नाहीत.

बुधवारी कागद आले. तेरा जणांचं ठीक होतं. जोडीदारांच्या लघवीत डोळ्याला न दिसणारं रक्त होतं. डॉक्टरांनी त्यांना दुर्बिणीसाठी बोलावलं.

त्यानंतर आठ दिवस जोडीदारांनी यांचा फोन उचलला नाही. हेही कुंभारीला गेले नाहीत. जातो म्हणायचे, शर्ट घालायचे, परत काढून ठेवायचे. मी जाते म्हटलं तर, "नको. तो मला शिव्या देत असंल, तुला कशाला ऐकायच्या."

नवव्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. खिडकीतून बघून हे एकदम उठले. "ती आलीय." जोडीदारांची बायको रस्त्यावरून सरळ आमच्या दाराकडे चालत येत होती. हे बाथरूममध्ये शिरले. कडी लावता लावता म्हणाले, "मी न्हाय म्हणून सांग." आणि आतून नळ सोडला.

ती आत आली. पदरानं तोंड पुसलं. "अक्का, अन्ना कुटं हायत?"

"बाहेर गेलेत," मी म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही. यांच्या चपला दारातच होत्या. तिनं चपलांकडे बघितलं, बाथरूमच्या दाराकडे बघितलं आणि खाली बसली. मग मोठ्यानं बोलायला लागली, नळाच्या वर आवाज जावा एवढ्या मोठ्यानं.

"दुर्बीण घातली, अक्का. गाठ हाय. ज्वारीच्या दाण्याएवढी. वरच्यावरच हाय म्हणाले डॉक्टर. आणखी वर्ष गेलं असतं तर पिशवीच काढावी लागली असती म्हणाले. तिथल्या नर्सनं विचारलं, तुम्हाला कुणी पाठवलं. मी सांगितलं, आमच्या मास्तरांनी."

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. ती पुढे म्हणाली, "आज ऑपरेशन हाय. दुपारी. आमचे हे उठतच न्हाईत. खाटेवर बसलेत. म्हणतात, अन्ना आला तर जातो, न्हाईतर न्हाय जात. फोन बी म्हणूनच उचलत न्हाईत. रागानं न्हाय अक्का. आवाज रडका झालाय, अन्नाला कळंल म्हणून."

नळ बंद झाला. कडी निघाली. हे बाहेर आले तेव्हा तोंड ओलं होतं आणि शर्टाची बटणं खालीवर लागली होती. तिच्याकडे बघायचं धैर्य त्यांना होत नव्हतं. ती उठून उभी राहिली.

"चला अन्ना. रिक्षा कोपऱ्यावर उभी हाय."

हे मला म्हणाले, "माझी फाईल दे. त्याला दाखवतो. मी बी लई भ्यालो होतो म्हणून सांगतो."

मला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मी फाईल दिली. त्यांनी चपला घाईत उलट्या पायांत घातल्या आणि तिच्या आधी जाऊन रिक्षात बसले.